दोन वाटांनी येणारा रोग: शिश्नाचा कर्करोग, एचपीव्ही विषाणू आणि पेशीतील संदेश

शिश्नाचा कर्करोग हा जवळजवळ नेहमीच त्वचेच्या वरच्या आवरणातील चपट्या पेशींचा, म्हणजे वैद्यकात ज्यांना शल्कपेशी किंवा स्क्वेमस पेशी म्हणतात त्यांचा, कर्करोग असतो आणि शिश्नाग्र किंवा त्याला झाकणारी सैल कातडी या ठिकाणी तो बहुधा सुरू होतो. २०२० साली जगभरात त्याचे सुमारे ३६,००० नवे रुग्ण झाले आणि त्याने सुमारे १३,००० पुरुष मृत्युमुखी पडले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. फुफ्फुसाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगापुढे ही संख्या लहान वाटते. परंतु जगभरची सरासरी या रोगाबाबत फारसे काही सांगत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या बहुतेक भागांत वर्षाला लाख पुरुषांमागे एकालाही न होणारा हा रोग ब्राझीलच्या ईशान्येकडील मारान्याओ राज्यात लाखामागे सहाच्या घरात आढळला आहे, आणि युगांडासारख्या आफ्रिकी देशांत तसेच भारताच्या ग्रामीण भागांत त्याचे प्रमाण श्रीमंत देशांतल्यापेक्षा अधिक आहे. संशोधनाचा पैसा जिथे आहे तिथे रुग्ण थोडे आणि रुग्ण जिथे आहेत तिथे पैसा थोडा, अशी स्थिती दीर्घकाळ राहिल्यामुळे या कर्करोगाचे जनुकीय चित्र इतर कर्करोगांच्या मानाने फार उशिरा स्पष्ट होऊ लागले.

ते स्पष्ट झाल्यावर जी गोष्ट पुढे आली, तीच या व्याख्यानाचा गाभा आहे. डोळ्यांना सारखीच दिसणारी, त्याच अवयवावर उगवणारी आणि जांघेतील लसीका ग्रंथींकडे त्याच क्रमाने पसरणारी ही गाठ प्रत्यक्षात दोन वेगळ्या वाटांनी तयार होते. एका वाटेवर मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, पेशीचे नियंत्रण आपल्या हाती घेतो. दुसऱ्या वाटेवर विषाणूचा संबंध नसतो आणि वर्षानुवर्षे चालू राहिलेला दाह, कातडी मागे न सरणे, तंबाखू यांसारख्या कारणांनी पेशीची स्वतःचीच जनुके बिघडत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्बुदवर्गीकरणाच्या २०१६ आणि २०२२ सालच्या आवृत्त्यांनी हा भेद अधिकृतपणे स्वीकारला आहे, आणि आता या कर्करोगाचे निदान लिहिताना तो एचपीव्हीशी संबंधित आहे की एचपीव्हीविरहित, हे नमूद करणे अपेक्षित आहे.

विषाणूच्या वाटेचा इतिहास गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून सुरू होतो. १९७०च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे नागिणीच्या जातीतील हर्पिस विषाणू असावा, अशी प्रबळ समजूत होती. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी त्याऐवजी चामखीळ निर्माण करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंकडे लक्ष वळवले आणि सहकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर १९८३ साली एचपीव्हीचा प्रकार १६ आणि १९८४ साली प्रकार १८ कर्करोगाच्या ऊतींमधून वेगळा केला. या कार्यासाठी त्यांना २००८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रकार १६ जगापुढे आणणाऱ्या १९८३च्या त्या पहिल्या निबंधातच शिश्नाच्या कर्करोगाच्या मोजक्या नमुन्यांचीही तपासणी होती आणि त्यातही विषाणूचा माग लागला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुरुषांच्या रोगाशी असलेला हा संबंध नंतर कुणी शोधून जोडलेला नाही; तो पहिल्या पुराव्यातच होता, आणि तरीही पुढची कित्येक दशके हा विषाणू स्त्रियांचा विषाणू म्हणूनच ओळखला गेला. या विस्मरणाची किंमत पुरुषांनी मोजली आणि त्यांच्या बायकांनीही मोजली, कारण संसर्ग दोघांमध्ये ये-जा करत राहतो.

एचपीव्ही हा अत्यंत लहान विषाणू आहे. त्याचा वर्तुळाकार डीएनए सुमारे ८,००० अक्षरजोड्यांचा असून त्यात जेमतेम आठ-नऊ जनुके मावतात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढण्याची संपूर्ण यंत्रणा बसू शकत नाही, म्हणून विषाणूला ती यजमान पेशीकडून घ्यावी लागते. आणि या एका गरजेतूनच पुढची सगळी गुंतागुंत उद्भवते. कातडीच्या किंवा श्लेष्मल आवरणाच्या सर्वांत तळच्या थरातील पेशी विभाजन पावतात, त्यांच्या कन्यापेशी वर सरकत जातात, वर जाताना विभाजन थांबवतात, चपट्या होतात आणि अखेर झडून जातात. विषाणू बारीकशा ओरखड्यातून तळच्या पेशीत शिरतो, परंतु स्वतःची वाढ मात्र वरच्या थरात करतो, जिथे पेशींनी आपली डीएनए-निर्मितीची यंत्रणा बंद केलेली असते. ती बंद यंत्रणा पुन्हा चालू करण्यासाठी विषाणूकडे ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने आहेत.

ई७चे काम समजण्यासाठी पेशीचे विभाजन कसे रोखून धरलेले असते, ते पाहणे आवश्यक आहे. पेशीबाहेरून येणारे वाढीचे संदेश तिच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांवर येऊन थडकतात. त्यांपैकी ईजीएफआर, म्हणजे अधित्वचेच्या वृद्धिकारक घटकाचा ग्राही, हा शल्कपेशींसाठी विशेष महत्त्वाचा आहे. ग्राही जागृत झाला की तो आतील रास नावाच्या प्रथिनाला चेतवतो, रास पुढच्या कायनेज विकरांची साखळी चेतवते आणि हा संदेश केंद्रकापर्यंत पोहोचून सायक्लिन-डी नावाचे प्रथिन तयार होते. सायक्लिन-डी आपल्या जोडीदार कायनेजांसह, म्हणजे सीडीके४ आणि सीडीके६ यांच्यासह, आरबी या प्रथिनाला फॉस्फेटचे गट जोडते. आरबीने तोवर ई२एफ नावाच्या प्रथिनाला आपल्या मिठीत धरून ठेवलेले असते. फॉस्फेट जडल्यावर ती मिठी सैल होते, ई२एफ मोकळे होते आणि डीएनएची प्रत काढण्यासाठी लागणारी जनुके चालू होतात. याच साखळीत पी१६ हे प्रथिन सीडीके४ आणि सीडीके६ यांना अडवून विभाजनाला आळा घालते. ई७ या सगळ्या साखळीला वळसा घालून थेट आरबीलाच धरते, त्याचा नाश घडवते आणि ई२एफला मोकळे करते. मग बाहेरून वाढीचा संदेश येवो वा न येवो, पेशी विभाजनाच्या मार्गाला लागते. ई७ आणि आरबी यांचा हा संबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला, आणि विषाणूजन्य कर्करोग व इतर कर्करोग यांना एकाच चौकटीत पाहण्याची दृष्टी त्यामुळे मिळाली.

अशा अकाली विभाजनाची दखल घेणारा दुसरा पहारा पेशीत असतो, तो म्हणजे पी५३. डीएनएला इजा झाली किंवा विभाजनाचा संदेश अवाजवी वाटला, की पी५३ची पातळी वाढते आणि ते एकतर विभाजन थांबवून दुरुस्तीला अवसर देते किंवा पेशीला नियोजित मृत्यूकडे नेते. केवळ ई७ असते तर पी५३ने त्या पेशीचा निकाल लावला असता. म्हणून विषाणूजवळ ई६ आहे: पेशीतलेच ई६एपी नावाचे विकर सोबत घेऊन ते पी५३वर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचे शिक्के मारते, आणि असे शिक्के बसलेले प्रथिन पेशीतील विघटनयंत्रात, म्हणजे प्रोटिओसोममध्ये, तुकडे होऊन संपते. ई६मुळे पी५३चा असा नाश होतो, हे १९९० साली दाखवून देण्यात आले. याखेरीज ई६ टेलोमरेज या विकराला चालना देते. प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्रांची टोके झिजत जाऊन पेशीच्या आयुष्याला जी मर्यादा पडते, ती त्यामुळे उठते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे: कर्करोग हे विषाणूचे उद्दिष्ट नाही. वरच्या थरात नवे विषाणू तयार होऊन ते झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडणे हा त्याचा नेहमीचा क्रम आहे, आणि बहुसंख्य पुरुषांत हा क्रम काही महिन्यांत रोगप्रतिकारशक्ती संपवूनही टाकते. ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिका या तीन देशांतील पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे निम्म्या पुरुषांच्या जननेंद्रियांवर कोणता ना कोणता एचपीव्ही आढळला, पण त्यांतले बहुतेक संसर्ग वर्षभरात नाहीसे झाले. प्रकार १६ मात्र इतरांपेक्षा अधिक काळ टिकून राहिला. हा टिकून राहणारा संसर्गच धोक्याचा. अशा काही संसर्गांत विषाणूचा गोल डीएनए तुटतो आणि मानवी गुणसूत्रात घुसतो. त्या तुटण्यात पुष्कळदा ई२ हे जनुक निकामी होते, आणि ई२चे एक काम ई६ व ई७ यांना लगाम घालण्याचे असल्यामुळे ती दोन्ही प्रथिने अनिर्बंध तयार होऊ लागतात. विषाणूची स्वतःची पुनरुत्पत्ती तिथे थांबते, परंतु पेशीची वाढ थांबत नाही.

विषाणूशी लढताना पेशी जे शस्त्र वापरते, तेही कधी तिच्यावरच उलटते. अपोबेक नावाची विकरे घुसखोर डीएनएमधील अक्षरे बदलून त्याला निकामी करण्यासाठी असतात. पण एचपीव्हीजन्य कर्करोगांत त्यांच्या कारवाईच्या खुणा मानवी जनुकांवरही उमटलेल्या सापडतात. पीआयके३सीए या जनुकातील काही ठरावीक जागांवरची उत्परिवर्तने अशाच खुणांची आहेत. हे जनुक पीआय३-कायनेज या विकराचा मुख्य भाग घडवते. ते विकर पेशीच्या पटलावरील एका मेदघटकाला फॉस्फेट जोडते, त्याच्या आधाराने एकेटी हे प्रथिन जागृत होते, एकेटीमुळे एमटॉर जागृत होते, आणि पेशीला वाढा, अन्नद्रव्ये खेचा, मरू नका, असा संदेश अखंड मिळत राहतो. पीटेन नावाचे प्रथिन हाच फॉस्फेट काढून हा मार्ग शांत ठेवते. शिश्नाच्या कर्करोगाच्या जनुकीय अभ्यासांत पीआयके३सीए वारंवार बदललेले आढळते, आणि ते विषाणूजन्य व विषाणूविरहित अशा दोन्ही प्रकारांत आढळते.

दुसरी वाट अधिक संथ आणि अधिक विखुरलेली आहे. शिश्नाग्रावरील कातडी मागे सरत नसेल, म्हणजे वैद्यकात ज्याला फायमोसिस म्हणतात ती स्थिती असेल, तर आतील भाग धुतला जात नाही, दाह होत राहतो आणि सुरू झालेला बदल डोळ्यांना दिसतही नाही. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या विकारात कातडीवर पांढरट, कडक होत जाणारे चट्टे येतात, कातडी आक्रसते आणि दाह वर्षानुवर्षे चालतो. तंबाखूची भर याला पडते. जुनाट दाहात प्रोस्टाग्लँडिन वाढवणारी कॉक्स-२ विकरे आणि एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा प्रमुख संदेशमार्ग जागे राहतात, ऑक्सिजनयुक्त क्रियाशील रेणू डीएनएवर आघात करत राहतात आणि हळूहळू तीच दोन केंद्रे ढासळतात जी विषाणू थेट पाडतो: पी५३चे जनुक उत्परिवर्तनाने बिघडते आणि आरबीच्या मार्गाला राखणारे पी१६चे जनुक, सीडीकेएन२ए, तुटून जाते, बदलते किंवा मिथिल गटांच्या आवरणाखाली मुके होते. एचरास, नॉच१, सायक्लिन-डी१ यांचे जनुकीय बदल आणि टेलोमरेजच्या प्रवर्तक भागातील उत्परिवर्तने याच वाटेवर अधिक भेटतात. विषाणू ई६ आणि ई७ वापरून जे थेट साधतो, ते इथे यादृच्छिक आघातांना साधायला अनेक वर्षे लागतात.

दोन्ही वाटा अशा एकाच ठिकाणी पोहोचत असल्या तरी त्यांची खूण उलटी असते, आणि निदानाचा सारा आधार तिथेच आहे. विषाणूविरहित गाठीत पी१६ बहुधा नाहीसे झालेले असते. विषाणूजन्य गाठीत ते भरमसाट वाढलेले असते. वाढीला आळा घालणारे प्रथिन कर्करोगात वाढावे, हे प्रथम विसंगत भासते. पण धरणाच्या वरच्या दारावर पहारा कितीही वाढवला तरी खाली बांधच फुटला असेल तर पाणी थांबत नाही, तसेच पी१६ सीडीके४ला अडवत असताना त्यापुढचे आरबीच ई७ने नष्ट केलेले असते, आणि आरबी नसल्याचे पाहून पेशी पी१६ अधिकाधिक बनवत जाते. म्हणून ऊतीच्या पातळ कापावर पी१६चा रंग गडद आणि सलग चढला, तर विषाणूची वाट समजायची. शिश्नाच्या कर्करोगावरील जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे निम्म्या गाठींत एचपीव्हीचा डीएनए आढळला, त्यातील सुमारे दोन-तृतीयांशांत प्रकार १६ होता, तर पी१६ वाढलेल्या गाठी चाळीस टक्क्यांच्या आसपास होत्या. हा फरक अर्थपूर्ण आहे, कारण गाठीवर विषाणू सापडणे आणि विषाणूने गाठ घडवणे या भिन्न बाबी आहेत, आणि त्या वेगळ्या करण्यासाठी ई६ व ई७ यांच्या संदेशवाहक आरएनएचा शोध हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

प्रतिबंधाचा विचारही या दोन वाटांनुसारच करावा लागतो, आणि इथे महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध जवळचा आहे. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यामुळे खेड्यांतला कर्करोग रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांपुरता न मोजता गावागावांतून मोजला जाऊ लागला. त्याच भागातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १,३०,०००हून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ साली जगाला दाखवले की एचपीव्हीची एकच चाचणीदेखील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी करते. पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त चाचणी नाही, कारण त्यांच्यातील बहुतेक संसर्ग आपोआप जातात आणि चाचणीच्या निकालावरून पुढे काय करावे, हे ठरत नाही. मग पुरुषांकरिता उरते ती लस. चार विषाणूप्रकारांविरुद्धच्या लसीची १८ देशांतील ४,०६५ मुले आणि तरुण पुरुषांवरील चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना आधी संसर्ग नव्हता आणि ज्यांनी सर्व मात्रा घेतल्या, त्यांच्यात लसीतील प्रकारांमुळे होणारे जननेंद्रियांवरील विकार तिने ९० टक्क्यांनी टाळले. ते विकार मुख्यतः चामखिळी होते. कर्करोग घडायला दशके लागतात, म्हणून कर्करोगावरील परिणाम त्या चाचणीला दाखवता येणे शक्यच नव्हते. ऑस्ट्रेलियाने २०१३पासून मुलांनाही राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ साली भारतीय नियामकाची मान्यता मिळाली आणि ती मुलगे व मुली दोघांसाठी आहे, पण सार्वजनिक चर्चेत तिच्यासोबत मुलींचेच नाव घेतले जाते. मुलींना प्राधान्य देणे न्याय्य आहे, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतात कितीतरी पटींनी अधिक बळी घेतो. मुलगे या चित्रातच नाहीत असे समजणे मात्र १९८३च्या पुराव्याशीही विसंगत आहे.

लस केवळ पहिली वाट अडवते, तीही संसर्गाआधी दिली तर. दुसऱ्या वाटेवर तिचा काही उपयोग नाही. बालपणी सुंता झालेल्या पुरुषांत हा कर्करोग फार विरळ असतो आणि युगांडातील एका नियंत्रित चाचणीत प्रौढपणी सुंता केलेल्या पुरुषांत धोकादायक एचपीव्हीचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले. परंतु अभ्यासांची बारकाईने तुलना केली असता कर्करोगापासून मिळणारे संरक्षण बरेचसे फायमोसिस टळण्यातून येते, असे दिसते. याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्याची कातडी सहज मागे सरते आणि जो ती रोज पाण्याने धुतो, त्याला शस्त्रक्रियेची गरज नाही. ज्याची सरत नाही, त्याने वयात आल्यावर लाजेपोटी गप्प बसू नये. मलमाने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने ही स्थिती सुधारते. ही साधी माहिती मुलाला देण्याचे काम कोणाचे, हे बहुतेक घरांत ठरलेले नसते: आई बोलू शकत नाही, वडील बोलत नाहीत, आणि शाळेच्या पुस्तकात तो धडा नसतो. परिणामी लहानशी जखम किंवा चट्टा दिसल्यावर पुरुष महिनोन्महिने तो लपवतो, कुणीतरी सांगितलेले मलम लावतो, आणि जांघेत गाठ आल्यावरच डॉक्टरकडे येतो. त्या वेळी प्रश्न अवयवाचा न राहता जिवाचा झालेला असतो, कारण या कर्करोगात रुग्णाचे भवितव्य सर्वाधिक जर कशावर अवलंबून असेल तर ते जांघेतील ग्रंथी ग्रासल्या आहेत की नाहीत, यावर.

उपचाराच्या क्षेत्रात जनुकीय ज्ञानाचे फळ अजून थोडेच हाती आले आहे. शस्त्रक्रिया हाच मुख्य आधार आहे आणि प्रगत रोगात सिस्प्लॅटिनवर आधारलेली रसायनोपचार पद्धती वापरली जाते. ईजीएफआर बहुतेक गाठींत वाढलेला असूनही त्याला अडवणाऱ्या प्रतिपिंडांनी थोड्याच रुग्णांत आणि थोडाच काळ लाभ दिला, ज्याचे एक संभाव्य कारण असे की रास किंवा पीआयके३सीए खालच्या बाजूला आधीच चेतलेले असेल तर वरचा ग्राही बंद करून संदेश थांबत नाही. ब्राझीलमधील हर्क्युलस या चाचणीत रसायनोपचारांबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती मोकळी करणारे औषध दिल्यावर सुमारे ३९ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, असे २०२४ साली जाहीर झाले. ज्या देशाच्या काही भागांत हा रोग इतका अधिक आहे, तिथूनच हे उत्तर आले, ही त्यातली समाधानाची बाब आहे.

विषाणूजन्य गाठींबाबत मात्र एक वेगळी शक्यता आहे. त्यांच्यात पी५३चे जनुक पुष्कळदा शाबूत असते, फक्त त्याचे प्रथिन ई६ नष्ट करत असते. प्रयोगशाळेत ई६ची निर्मिती थांबवली की अशा पेशींत पी५३ परत येते आणि पेशी मरू लागतात. किरणोपचारांना या गाठी तुलनेने अधिक दाद देतात, असे काही अभ्यासांत दिसते, तेही याच कारणाने असू शकेल. शिवाय ई६ आणि ई७ ही पूर्णपणे परकी प्रथिने असल्यामुळे प्रतिकारपेशींना ती नेमकी ओळखता येतात. ई७ ओळखण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या टी-पेशींचा उपचार विविध अवयवांच्या पसरलेल्या एचपीव्ही १६ कर्करोगांच्या १२ रुग्णांवर अमेरिकेत करण्यात आला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी सहा जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. अशा उपचारासाठी रुग्णाची निवड होण्याकरिता त्याच्या गाठीत प्रकार १६ आहे, हे आधी ठाऊक असावे लागते आणि त्याच्या ऊतींचा वारसागत एचएलए प्रकारही जुळावा लागतो. बायोप्सीच्या अहवालात पी१६चा निकाल आणि शक्य तिथे विषाणूचा प्रकार लिहिला गेला, तर त्या रुग्णाला अशा चाचणीचा विचार करता येईल. आणि गाठ विषाणूजन्य निघाल्यास त्याच्या पत्नीला गर्भाशयमुखाची तपासणी करून घेण्यास त्याच भेटीत सांगता येईल.